पडदा सरकवला, तर मागं भिंत!

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण अर्ध्यात सोडू नका. दहावीस हजारांचा प्रश्न आहे आणि त्याहून जास्त आपल्या सवयीचा प्रश्न आहे.

गेल्या दिवाळीनंतर आईबाबांच्या लग्नाला ४५ वर्षं झाली. बाबा एसटीत वाहक होते, मलकापूर आगारात. आयुष्यभर लोकांना गावोगावी पोचवलं, पण स्वतः फिरायला म्हणून कुठं गेले ते शेगाव, पंढरपूर आणि एकदा तिरुपती. आईनं समुद्र पाहिलाच नव्हता. मग आम्ही भावंडांनी पैसे गोळा केले आणि मुंबईहून निघणाऱ्या क्रूझची दोन रात्रींची सहल बुक केली. मलकापूरहून विदर्भ एक्स्प्रेसनं दोघं मुंबईला गेले. बंदरावर सगळं व्यवस्थित झालं. जहाज सुटायच्या आधी आईचा फोन आला.

"अरे, खोली छान हाये. गादी मऊ हाये. पडदाबी हाये. पण पडदा सरकवला तं मागं भिंतच हाये रे! समुद्र कुठून दिसते?"

मी म्हटलं, "आई, दुसऱ्या बाजूला खिडकी असेल."

"चारीबी बाजू पायल्या. खिडकी नाहीच."

मागून बाबांचा आवाज: "लाईट बंद केला का दिवस हाये का रात्र, काही समजत नाही. पोराले सांग, आपल्याले गोदामात टाकलं."

बाबा रिसेप्शनवर गेले. तिथल्या मुलीनं नम्रपणे कॉम्प्युटर फिरवून दाखवला. बुकिंगच्या पहिल्या दिवसापासून तिथं शब्द होता: 'इंटिरिअर'. म्हणजे आतली, बिनखिडकीची खोली. जहाजानं जे विकलं तेच दिलं. आम्ही मात्र एजंटला समुद्र दिसणाऱ्या खोलीचे जादा पैसे मोजले होते.

आता हिशेब सांगतो. लपवायचं काही नाही.

जाहिरातीत होतं, 'फक्त १९,९९९ रुपयांपासून'. दोघांचे झाले ३९,९९८. खिडकीची खोली पाहिजे म्हटल्यावर माणशी ३,००० जादा, म्हणजे ६,०००. मग पोर्ट चार्ज माणशी ४,०००, म्हणजे ८,०००. मग 'सर्व्हिस' माणशी १,५००, म्हणजे ३,०००. मग 'टॅक्स' म्हणून ४,९०२. टक्के किती आणि कशावर, ते कुठंच लिहिलेलं नाही. एकूण ६१,९०० रुपये. दीडपटीहून जास्त! आणि हे सगळं एकदम सांगितलं नाही. ॲडव्हान्स भरल्यावर एक आकडा, ओळखपत्रं पाठवल्यावर दुसरा, 'आज रात्री बारापर्यंत भरा नाहीतर खोली जाईल' म्हणत तिसरा. दर वेळी वाटलं, आता एवढे दिलेच आहेत, तर अजून थोडे. उसात शिरलेलं जनावर जसं एकेक पेर खात आत जातं, तसा माणूस आत जातो.

एजंट शेजारच्या जिल्ह्यातल्या मोठ्या शहरातला. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका माणसाचा नाही. मी त्याला फोनवर स्पष्ट विचारलं होतं, "खोलीतून समुद्र दिसेल ना?" तो हसून म्हणाला होता, "सर, जहाज समुद्रातच असतं!" मीही हसलो. तिथंच फसलो.

आता माझा गुन्हा

ही जाहिरात मला कुठं दिसली? आमच्याच दिवाळी पुरवणीत. आणि ती आणली कोणी? मीच.

तालुक्याच्या बातमीदाराला पगार किती असतो ते तुम्हाला माहीत आहे. आमचं घर जाहिरातीच्या कमिशनवर चालतं. मजकूर व्हॉट्सॲपवर आला. त्यातलं 'कुशित' दुरुस्त करून 'कुशीत' मी केलं. ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. 'पासून' या शब्दावरचा तारा मात्र तपासला नाही. तळाशी मुंगीच्या पावलाएवढ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती. पर पर्सन, ट्विन शेअरिंग, इंटिरिअर गॅरंटी, टॅक्सेस अँड सरचार्जेस एक्स्ट्रा. आपला हायवेवरचा १०५ फुटी हनुमान दोन कोसांवरून दिसतो, पण ही ओळ वाचायला भिंग लागलं असतं. मराठीत समुद्राची कूस आणि इंग्रजीत भिंत!

पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा शिकवलं होतं, की जाहिरात आणि बातमी वेगळी. पण जाहिरातीतलं खोटं छापलं तरी ते छापलं आपणच, हे कोणी शिकवलं नाही. निदान माझ्या डोक्यात शिरलं नाही. ते शिरायला आईला बिनखिडकीच्या खोलीत जावं लागलं.

हे आत्ताच का लिहितोय?

कारण ही लाट आता आपल्या गावात येणार आहे. मुंबई–गोवा क्रूझचा प्रयोग २०१८ मध्ये 'आंग्रिया' जहाजानं झाला. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं ते जहाज. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' जहाज सुरू झालं आणि रेल्वेच्या आयआरसीटीसीनं त्याची तिकिटं विकायला घेतली. आपल्याकडं अनेकांना 'क्रूझ' हा शब्दच २ ऑक्टोबर २०२१ च्या एनसीबीच्या कारवाईमुळं कळला, ते सोडून द्या. केंद्र सरकारनं ३० सप्टेंबर २०२४ ला 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केलं. २०२९ पर्यंत क्रूझचे प्रवासी दुप्पट करायचे असं उद्दिष्ट आहे. ते दुप्पट प्रवासी फक्त जुहू आणि कोथरूडमधून येणार नाहीत. निवृत्त गुरुजी, तलाठी, एसटीवाले, कृषी सेवा केंद्रवाले, ज्यांची पोरं पुण्यात आयटीत आहेत असे आपल्यासारखे लोकही त्यात आहेत. भिशीच्या बायका, लग्नाच्या वाढदिवसाची जोडपी, निवृत्तीचे पैसे हातात आलेले लोक, हेच नवं गिऱ्हाईक.

आणि नवं गिऱ्हाईक म्हणजे ज्याला भाव माहीत नाही असं गिऱ्हाईक. म्हणून आधी जहाजाची खोली समजून घ्या.

खोल्या किती प्रकारच्या?

रेल्वेचे डबे आपल्याला पाठ आहेत. साइड लोअर म्हणजे काय, हे नांदुऱ्याचं शेंबडं पोरही सांगतं. जहाजाचंही तसंच आहे, फक्त आपल्याला कोणी सांगितलेलं नाही.

इंटिरिअर किंवा इनसाइड: जहाजाच्या पोटातली खोली. खिडकी नाही. कधी भिंतीवर आरसा आणि पडदा लावून खिडकीचा भास केलेला असतो. सगळ्यांत स्वस्त. ही खोली वाईट नाही. जेवण, डेक, करमणूक सगळ्यांना सारखीच असते, त्यामुळं ज्याला फक्त झोपायला खोली लागते त्यानं खुशाल घ्यावी. पण माहीत असून घ्यावी.

ओशन व्ह्यू: खिडकी असते. ती उघडत नाही, काच बंद असते. खालच्या मजल्यांवर ती गोल आणि लहान असू शकते. काही खोल्यांसमोर जीवरक्षक होडी टांगलेली असते. त्याला 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' म्हणतात. म्हणजे खिडकी आहे, पण समुद्राच्या जागी होडीचं बूड दिसतं. ती खोली स्वस्त मिळते आणि ती स्वस्त का आहे, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

बाल्कनी: दार उघडून बाहेर बसता येतं. जाहिरातीतला फोटो बहुतेक वेळा याच खोलीचा असतो आणि भाव मात्र इंटिरिअरचा! जुन्या जहाजांवर अशा खोल्या मोजक्याच असतात. वर सांगितलेलं 'एम्प्रेस' हे १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं जहाज आहे. त्या काळी बाल्कन्यांची रीत आजच्याएवढी नव्हती.

सूट: मोठी खोली, बसायला वेगळी जागा, काही जादा मान. आपण त्या वाटेला जात नाही, म्हणून पुढं चलू.

आता 'गॅरंटी' हा शब्द नीट ऐका, कारण आम्ही यातच गेलो. आपल्याला वाटतं, गॅरंटी म्हणजे पक्कं. जहाजाच्या भाषेत गॅरंटी म्हणजे खोलीचा प्रकार पक्का, खोली कोणती ते कंपनी शेवटी ठरवणार. 'इंटिरिअर गॅरंटी' म्हणजे बिनखिडकीची खोली मिळेल याची गॅरंटी! आणि ती कुठं मिळेल, जिन्याजवळ, डान्स फ्लोअरच्या वर का इंजिनजवळ, ते तुमच्या हातात नाही.

जागेचंही महत्त्व आहे. एसटीत मागच्या सीटवर जास्त आदळतं, हे बाबांनी मला लहानपणीच सांगितलं होतं. जहाजातही टोकाला आणि वरच्या मजल्यावर हेलकावे जास्त, मधोमध आणि खाली कमी. ज्यांना घाटात उलटी होते त्यांनी मधली, खालची खोली मागावी. पोहण्याच्या तलावाखालची खोली घेतली तर सकाळी खुर्च्या ओढल्याचा आवाज डोक्यावर येतो. चार जणांची खोली घेतली तर दोन बर्थ भिंतीतून किंवा छतातून खाली येतात आणि वर चढायला शिडी असते. सत्तरीच्या माणसाला ते जमत नाही, जसं रेल्वेत अप्पर बर्थ जमत नाही.

एक गोष्ट मात्र खोलीच्या भावावर ठरत नाही आणि ठरूही नये. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं तेव्हा होड्या प्रवाशांपेक्षा कमी होत्या. त्यानंतर १९१४ मध्ये सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि पुढं तो सुधारत गेला. आज जहाजावर प्रत्येक प्रवाशाला जीवरक्षक जागा लागते, मग तो सूटमधला असो की बिनखिडकीतला. सुरुवातीला जी सुरक्षा कवायत होते ती सोडून सेल्फी काढत बसू नका.

आणि भाव?

'प्रति व्यक्ती' म्हणजे एका खोलीत दोघं राहणार असं धरून एकाचा भाव. एकटा माणूस गेला तर त्याला बऱ्याचदा दोघांच्या जवळपास पैसे मोजावे लागतात. विधवा आई, एकटे काका, अविवाहित आत्या यांना हा फटका बसतो. खोलीतला तिसरा-चौथा माणूस स्वस्तात जातो, पण बंदराचे पैसे आणि कर त्यालाही लागतात.

'पासून' म्हणजे सगळ्यांत स्वस्त खोली, सगळ्यांत पडेल तारीख, सगळ्यांत कमी मागणी. विमानासारखाच भाव रोज हलतो. दिवाळी, नाताळ, उन्हाळ्याची सुट्टी यांत तो भाव सापडणं अवघड.

'एक्स्ट्रा' म्हणजे बंदर शुल्क, जीएसटी, कधी इंधन अधिभार, रोजची माणशी टीप, वायफाय, दारू, खास हॉटेलातलं जेवण, किनाऱ्यावर उतरून फिरणं. परदेशातली क्रूझ पॅकेजमध्ये घेतली तर टीसीएस कापतात. तो कर तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरून वळता करता येतो. हे कितीतरी लोकांना ठाऊकच नसतं आणि ते पैसे तसेच पडून राहतात.

कायदा काय म्हणतो?

इथं माझा राग सुरू होतो. कारण कायदा आहे! नुसता आहे असं नाही, चांगला आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात सांगितलंय, की जाहिरातीतला दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत खालची सूचनाही असली पाहिजे आणि अक्षरही दाव्यासारखंच असलं पाहिजे. महत्त्वाची माहिती सूचनेत दडवता येत नाही. म्हणजे मराठीत 'समुद्राच्या कुशीत' आणि इंग्रजीत मुंगीच्या अक्षरात 'इंटिरिअर', हे चालत नाही. आमच्या पुरवणीत चाललं. कारण तपासणारा मी होतो आणि मी कमिशन मोजत होतो.

३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न'बद्दल आणखी मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात फसवणुकीचे १३ प्रकार नावानिशी दिलेत. त्यातला एक ड्रिप प्रायसिंग, म्हणजे ठिबक सिंचनासारखा थेंबाथेंबानं भाव वाढवणं. आधी कमी सांगायचं आणि पैसे भरताना एकेक शुल्क काढायचं. दुसरा फॉल्स अर्जन्सी, म्हणजे 'आज रात्री बारापर्यंत'ची खोटी घाई. तिसरा बास्केट स्नीकिंग, म्हणजे न विचारता पिशवीत जादा वस्तू सारणं. मी ती यादी वाचली तेव्हा वाटलं, आमच्या एजंटनं हीच यादी अभ्यासक्रम म्हणून वापरली.

जगात हे बदलतंय. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याचा कायदा १ जुलै २०२४ ला लागू झाला. जाहिरातीतल्या भावातच सगळी सक्तीची शुल्कं धरा, असं त्यानं सांगितलं. त्यानंतर तिथल्या मोठ्या क्रूझ कंपन्यांनी भाव दाखवायची पद्धत बदलली आणि बंदर शुल्क धरून आकडा दाखवायला लागल्या. भाव वाढला नाही, फक्त तो खरा दिसायला लागला. तिथं जमतं ते इथं का जमू नये?

"शेतकरी मरतोय आणि तुला क्रूझ सुचतेय?"

हे कॉमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच बोलतो. खरं आहे, क्रूझ ही चैन आहे. सोयाबीनला भाव नाही, कपाशी भिजली, अशा वेळी साठ हजारांच्या सहलीचं रडगाणं कोण ऐकणार? मलाही लिहिताना लाज वाटली.

पण भाऊ, खताच्या दुकानात जा. डीएपीची गोणी मागितली की सोबत नको असलेली बाटली गळ्यात मारतात. 'लिंकिंग' म्हणतात त्याला. ती बास्केट स्नीकिंगच ना? मंगल कार्यालयाचं भाडं ठरतं आणि शेवटी लाईट, सफाई, जनरेटर वेगळं निघतं. कोचिंग क्लासची फी सांगतात एक आणि पुस्तकं, टेस्ट सिरीज, टी-शर्ट धरून होते दुसरीच. दवाखान्याचं 'पॅकेज' तर सांगायलाच नको. सवय तीच आहे. चैनीच्या वस्तूत ती सवय नीट दिसते, एवढाच फरक. गरजेच्या वस्तूत आपण घाबरलेले असतो, त्यामुळं हिशेब विचारत नाही. चैनीच्या वस्तूत आपण लाजलेले असतो, त्यामुळं विचारत नाही. 'एवढं परवडत नव्हतं तर आलाच कशाला', असं कोणी म्हणेल ही भीती. त्या लाजेवर हा सगळा धंदा चालतो.

दुसरी बाजूही सांगतो. प्रामाणिक एजंट आहेत. ते म्हणतात, "आम्ही खरा आकडा सांगितला तर गिऱ्हाईक १९,९९९ वाल्याकडं पळतं." हे खोटं नाही. आपणच सगळ्यांत लहान आकड्यामागं धावतो आणि खरं बोलणाऱ्याचं दुकान बंद पाडतो. म्हणून तर नियम सगळ्यांना सारखा लागला पाहिजे. एकट्यानं खरं बोलून भागत नाही.

आमच्या पैशांचं काय झालं?

मी एजंटला लेखी पाठवलं. जहाजाच्या कागदावर 'इंटिरिअर', तुमच्याकडं खिडकीचे ६,००० जमा, खुलासा करा. दोन दिवस उत्तर नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार केली आणि त्याचा नंबर त्याला पाठवला. मग फोन आला. "सर, आधी सांगायचं ना तुम्ही पत्रकार आहात. गैरसमज झाला." संध्याकाळी ६,००० खात्यात आले. बाकीच्या शुल्कांची पावती आजपर्यंत आलेली नाही. ते प्रकरण मी सोडलेलं नाही.

त्याचं ते वाक्य मला टोचत राहिलं. मी पत्रकार नसतो तर? त्याच जहाजावर आपल्याच भागातलं आणखी एक जोडपं बाबांना भेटलं होतं. त्यांनीही खिडकीचे पैसे दिले होते, त्यांचीही खोली बिनखिडकीची. त्यांनी तक्रार केली नाही. म्हणाले, "जाऊ द्या, आपल्यालेच समजलं नाही." हक्काचे पैसे पत्रकाराला मिळतात आणि साध्या माणसाला 'समजलं नाही' म्हणून सोडून द्यावे लागतात, तर ती मेहरबानी झाली. मला ती नको आहे.

तर माझं म्हणणं एवढंच आहे

एजंट मंडळींना, नांदुरा, मलकापूर, खामगाव, शेगाव, सगळ्यांना: पहिल्याच भेटीत एका कागदावर मराठीत लिहून द्या. खोलीचा प्रकार, खिडकी आहे की नाही, सगळं धरून दोघांचे एकूण किती. 'पासून' शब्द वापरायचा असेल तर त्याच अक्षरात खाली 'बिनखिडकीची खोली, कर वेगळा' असं लिहा. गिऱ्हाईक पळणार नाही. पळालंच तर परत येईल.

माझ्या पेशाला: तारा असलेली जाहिरात आली की ताऱ्याचा अर्थ मराठीत मागा. मी यापुढं त्याशिवाय जाहिरात पाठवणार नाही. कमिशन जाईल, जाऊ दे. मी हे जाहीर लिहितोय, चुकलो तर इथंच येऊन धरा.

आणि तुम्हाला. पैसे भरण्याआधी हे विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं.

१. खोली इंटिरिअर, ओशन व्ह्यू का बाल्कनी? खिडकीसमोर होडी तर नाही ना?
२. खोली नंबर आत्ता मिळणार का 'गॅरंटी'? कोणता मजला, मध्ये का टोकाला?
३. सगळी शुल्कं आणि कर धरून, आम्हा सगळ्यांचे मिळून एकूण किती? यापुढं एक रुपयाही लागणार नाही ना?
४. टीप आधी घेतली का जहाजावर घेणार?
५. किती दिवस आधी रद्द केलं तर किती परत?
६. कंपनीचा मूळ बुकिंग कागद आम्हाला कधी मिळणार? एजंटची पावती नको, जहाज कंपनीचा कागद.

सहावा प्रश्न सगळ्यांत मोठा. तो कागद मी आधी मागितला असता तर ही पोस्ट लिहावी लागली नसती.

फसलात तर १९१५ ला फोन करा. तिथं मिटलं नाही तर ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे मुंबईला हेलपाटे नाहीत, आपलं बुलडाणा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन करता येते. वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षांची. ते जोडपं हे वाचत असेल तर त्यांना सांगतो, तुमची मुदत अजून आहे. मला मेसेज करा, अर्ज मी लिहून देतो. पैसे नको.

आई-बाबांचं विचाराल तर सहल काही वाया गेली नाही. दोन्ही रात्री आई शाल पांघरून डेकवरच्या खुर्चीत बसून राहिली. घरी आल्यावर शेजारणींना सांगत होती, "नुसतं पाणीच पाणी व बाई, तिकडचा काठच नाही!" भिंतीचं तिनं कोणाला सांगितलं नाही. मला वाईट वाटेल म्हणून.

बाबांनी मात्र वहीत सगळा हिशेब उतरवून ठेवला. परवा तो माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "तीस वर्षं मी तिकिटं फाडली. आधी भाडं सांगायचं, मंग पैसे घ्यायचे, मंग तिकीट द्यायचं. हाफ तिकीट असो का फुल. टप्पा वाढला तं पाटीवर लिव्हेल राहे. चार आणे जास्त घेतले अन् चेकिंगवाले चढले तं नोकरी जाये. या जहाजावर चेकिंगवाले कुठी चढतात रे?"

मी गप्प बसलो. उत्तर मला माहीत नव्हतं असं नाही. चेकिंगवाले म्हणजे आपणच, आणि आपण कधी चढतच नाही.

पोस्ट शेअर करा. ज्यांच्या घरी सहलीचं ठरतंय त्यांना नक्की पाठवा. आणि कोणाचा असा अनुभव असेल तर खाली लिहा, क्रूझचा असो, खताचा असो का मंगल कार्यालयाचा. नावं टाळा, आकडे टाका.